आधी वहिनींना बोलवा

विमाअक्का दारात आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आधी वहिनींना बोलवा." घरची बाई बाहेर येऊन बसेपर्यंत त्या चहाला हात लावत नसत. बाईनं दाराआड उभं राहिलेलं त्यांना चालत नसे, खुर्चीवरच बसायचं. "मागं ऱ्हाणार त्या, आन बोलणी नुसती तुमच्याशीच करू व्हय?" असं त्या गड्यांना तोंडावर विचारत. आमच्याकडं एकच खुर्ची होती, आप्पांची. दुसरी आली ती अक्कांमुळं.

अक्का मूळच्या अक्कलकोटच्या, राहायला सोलापुरात. स्कूटीवरून वळसंगपर्यंत विमा विकत हिंडायच्या. त्यांचं बोलणं मराठी, रागावणं कन्नड. कुणी हप्ता चुकवला की "येन्री इदु!", म्हणजे 'हे काय हो!', एवढंच म्हणत, पण भलाभला माणूस खाली बघायचा.

एका वर्षी टीव्हीवर वारसा कराची चर्चा सुरू झाली. बाप गेला की इस्टेटीवर सरकार कर घेणार, अशी हवा उठली. विमा विकणाऱ्यांची चांदी झाली. "कर भरायला पोरांना रोकड लागंल, आत्ताच मोठी पॉलिसी करा," म्हणत ते दारोदार फिरले. आमचं रान हायवेला लागून, भाव आलेला. आप्पांनी मनात धरलं, विहिरीकडचा तुकडा विकायचा आणि मोठा विमा काढायचा. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. मी सांगितलं, हा कर पूर्वी होता, मग रद्द झाला, आता नुसती चर्चा आहे. आप्पा म्हणाले, "चर्चेतनंच कायदा येतोय की!" आणि अक्कांना बोलावणं गेलं.

त्या वर्षीच्या एजंटांच्या सत्काराला अक्कांना एकच मोठी पॉलिसी कमी पडत होती. हे आप्पांना ठाऊक होतं.

"घ्या, आमच्यामुळं तुमच्या गळ्यात हार पडतोय," आप्पा खुशीत म्हणाले.

"आधी वहिनींना बोलवा."

आई येऊन खुर्चीच्या कडेवर बसली.

"वहिनी, रान वाचवायला हे रान विकतायत. पटतंय तुमाला?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"खुरपायला कळतंय, मग विकायला न्हाय व्हय?"

आई म्हणाली, "नका विकू. त्या विहिरीवर माझा जलम गेलाय."

अक्का आप्पांकडं वळल्या. "कर खरंच आला तर मी आपणहून येते. तवा बेतानं काय ते करू. आज मृत्युपत्र करा. वहिनींचं आन पोरीचं नाव घाला."

"पोरी भावाला हक्कसोड देत्यात की. रीत हाय आपली."

"सरकार घेईल म्हणून झोप उडाली, आन पोरीनं सोडलेलं गोड लागतंय व्हय?"

आप्पा हसले, पण कानकोंडे होऊन. महिन्याभरात मृत्युपत्र झालं. रान राहिलं. अक्कांचा सत्कार हुकला. मला हळहळ वाटली, तर म्हणाल्या, "हार संध्याकाळी सुकतोय ग. विहीर कुटं सुकली?"

गेल्या वर्षी अक्का गेल्या. त्यांच्या दारात बायकांचीच गर्दी जास्त होती.

परवा टीव्हीवर पुन्हा त्याच कराचा विषय निघाला. आप्पा अस्वस्थ झाले. "अक्का असत्या तर इचारलं असतं," म्हणाले.

आईनं भाकरीचे हात धुतले, बाहेर आली, खुर्ची ओढून ऐसपैस बसली.

"मला इचारा की."