फोटोतली मोरपंखी साडी

आमच्या रहिमतपूरच्या घरात, स्थळांना पाठवायच्या फोटोसाठी नेसावी अशी साडी एकच होती. आईची, डाळिंबी रंगाची, रुंद रुईफुली जरीकाठाची. ती नेसून थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा फोटो काढला होता. तो फोटो कित्येक वर्षं सातारा-सांगलीकडची घरं फिरला आणि 'पत्रिका जुळत नाही' एवढा निरोप घेऊन परत येत राहिला. पत्रिकेला तोंड नसतं, म्हणून सगळे तिच्यावर ढकलून मोकळे होतात. ताई तिशीला टेकली आणि माझी पाळी आली.

"ह्या साडीतला फोटो समद्यांनी बघितलाय," आई म्हणाली. "बघतील आन् म्हणतील, आली परत तीच." साताऱ्यात एका स्टुडिओवाल्यानं नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि तो फोटोतल्या कपड्यांचे रंग बदलून देतो, हे तिनं कुठून ऐकलं होतं कोण जाणे.

साडी मला ताईनंच नेसवली. तिच्यासारख्या निऱ्या आमच्यात कुणाला जमत नाहीत. फोटो धुऊन आल्यावर आम्ही तिघी त्या कॉम्प्युटरसमोर खुर्च्या ओढून बसलो. स्टुडिओवाल्यानं माऊस फिरवला आणि साडी मोरपंखी झाली. तिच्याबरोबर माझे ओठ आणि टिकलीही मोरपंखी झाली.

"अगं, ही तर मुंजाबानं धरल्यागत दिसाय लागली!" ताई म्हणाली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. स्टुडिओवाल्यानं ओठ आणि टिकली पुन्हा लाल केली. काठ सोनेरीच ठेवला. आईनं चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिलं.

"आता कुणी वळखायचं न्हाई," ती समाधानानं म्हणाली.

ताईचं हसू तिथंच थांबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या फोटोला ताईची सावलीसुद्धा लागू नये, यासाठी हा सगळा खटाटोप होता, आणि त्यासाठी आम्ही तिलाच सोबत घेऊन आलो होतो. येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्या फोटोवर सांगलीचं स्थळ चालून आलं. मुलगा, त्याची आई आणि मामा बघायला येणार होते. शेजारच्या काकूंची मोरपंखी साडी मागून आणली. धाकटीला दाखवायचं आणि थोरली बिनलग्नाची घरात, म्हणजे लोक आधी थोरलीतच खोट शोधणार. "तिचा विषय काढायचा न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची," असं आईनं वडिलांना बजावलं.

"मी आतच थांबते की," ताई म्हणाली. "पोहे तेवढे माझ्या हातचे हुतील."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. पण त्या दिवशी मी तो गिळला आणि पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले. मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याची आई मात्र एकदा माझ्याकडे, एकदा हातातल्या फोटोकडे बघत होती.

"फोटोतली साडी ही नव्हे. हिचा काठ बारीक आहे," त्या म्हणाल्या. "हा रुईफुली काठ मी पाहिलाय. डाळिंबी साडी होती. फोटो रहिमतपुरातूनच आला होता. मुलगी तुमच्या नात्यातली का?"

वडिलांनी घसा खाकरला. "असंल कुणीतरी. गावात लय मुली हायत."

आतल्या पडद्यामागं ताई उभी होती. बापानं लेकीला 'कुणीतरी' म्हणावं आणि तिनं ते ऐकावं, हे मला सोसलं नाही.

"ती माझी सख्खी बहीण आहे," मी म्हणाले. "साडी तीच आहे. फोटोत रंग बदलून घेतलाय. आणि हे पोहेही तिनंच केलेत."

आईनं पदर तोंडाला लावला. वडील जमिनीकडे बघत राहिले.

"मग बोलवा की तिला," मुलाची आई म्हणाली.

ताई बाहेर आली. अंगावर घरातली साडी, बोटांना हळद लागलेली. त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हो, हीच. अजून नाहीच का जमलं? वय काय आता?"

ताईनं वय सांगितलं. एक वर्षही कमी करून नाही. मामा खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटलं, आता हे लोक उठणार.

पण मुलाची आई माझ्याकडे वळून हसली. "पोरगी खरं बोलते. मला हेच हवं होतं. आमची पसंती आहे."

वडिलांच्या जिवात जीव आला. आई देवापुढं साखर ठेवायला धावली. ताईनं रिकाम्या बशा गोळा केल्या आणि चहा टाकायला आत गेली. मीही मागोमाग गेले. मी तिची बाजू घेतली होती, आता ती मला जवळ घेईल, असं मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू, मी त्याची वाट बघत होते.

ती चहात साखर ढवळत होती. माझ्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाली, "आत थांबायचं मी माझ्या मनानं ठरवलं हुतं. परत कुणाफुडं उभं ऱ्हायला लागू नये म्हणून. तुला खरं बोलायचं हुतं, तर तुझं बोलायचं. माझं कशाला बोललीस?"