नाईट शिफ्टच्या घरातली सकाळ

"बस. थांब तिथंच."

कांचन थांबली. तोंड उघडं, पुढचं वाक्य आतच.

थांबवणाऱ्या होत्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. स्टील प्लांटमधल्या मोठ्या साहेबांच्या पत्नी. सगळे त्यांना वहिनी म्हणतात. मंडळाच्या कार्यक्रमाची रविवारची तालीम चालू होती, कांचन तिचा निबंध वाचत होती. समोर मुलं, खुर्च्यांवर कमिटीच्या बायका, आणि मी उभी. मी मुलांना मराठी लिहायला शिकवते. आठवडाभर हिंदी शाळेत नोकरी, रविवारी हा वर्ग, हौसेचा. पण त्या क्षणी माझ्या हातात चहाचा ट्रे होता. साहेबांच्या बायका बसतात, कामगाराची मुलगी चहा फिरवते. असं कुणी ठरवलेलं नाही. असंच चालत आलंय.

वहिनी कांचनला काही बोलल्या नाहीत. माझ्या ट्रेमधून कप उचलला, फुंकर घातली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाई, तुम्ही हुडको कॉलनीत राहायला आलात खऱ्या, पण रुआबांध्याची कामगारवस्ती काही तुमच्या अंगातून गेली नाही. आता पोरांनाही तेच शिकवताय."

खुर्च्या हसल्या. मग मुलंही हसली. त्यांना वाटलं, विनोद झाला.

मी तोंडाळ बाई आहे. स्टाफरूममध्ये मी नकला सुरू केल्या की हेडमास्तर दार लावून घेतात, आणि आत बसून ऐकतात. पण तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

आता कांचनचा गुन्हा ऐका. पोरगी सहावीत. बाप प्लांटमध्ये कामगार, घर रुआबांध्यात. मी विषय दिला होता 'माझी सकाळ'. तिनं लिहिलं: बाबांची नाईट असली की आमच्या घरी सकाळी कोणी बोलत नाही. बाबा येतात, आंघोळ करतात, झोपतात. आई बेलची तार काढून ठेवते. शिटीनं बाबा उठतील म्हणून आमचा कुकर शेजारच्या काकूंच्या गॅसवर चढतो. काकांची नाईट असली की त्यांचा कुकर आमच्याकडे येतो. एकदा दोघांचीही नाईट लागली. आईनं कुकर काकूंकडे नेला, त्याच वेळी काकू त्यांचा घेऊन आमच्याकडे निघाल्या. दोघी मधल्या गल्लीत कुकर घेऊन उभ्या, आणि हसायचीही सोय नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वर्गातच टाळी वाजवली. हे घर मला पाठ आहे. माझे बाबा प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर होते. धाकट्या भावाशी मी तासभर भांडलेली आहे, एक आवाज न काढता. डोळे वटारायचे, जीभ दाखवायची, चिमटा काढायचा. ज्याला चिमटा बसला त्यानं ओरडायचं नाही, हा नियम. अंगावर निळे डाग घेऊन आम्ही दोघं गुपचूप वरणभात खायचो. काय ते नाटक!

वहिनींना त्यात नाटक दिसलं नाही. कार्यक्रमाला नागपूरहून पाहुणे येणार होते. मराठी माणसाच्या घरात बाप दिवसा लोळतो आणि बायका गल्लीत कुकर घेऊन फिरतात, हे त्यांना कशाला ऐकवायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतः एक 'माझी सकाळ' लिहून पाठवली. त्यात सूर्य उगवतो, कोकिळा गाते, बाबा लॉनवर बसून पेपर वाचतात आणि मुलगी त्यांना गुलाबाचं फूल देते. हे कांचननं पाठ करायचं.

तिनं केलं. दोन दिवसांत. मला म्हणून दाखवलं, घडाघडा. मग विचारलं, "मॅडम, आमच्या घरी लॉन नाही ना. मंग मी कोणाच्या बाबाची सकाळ सांगून राहिली?"

एकदम माझ्या आत काहीतरी लख्ख झालं. आमच्या घरी आम्ही गप्प राहायचो ते बाबांच्या झोपेसाठी. भट्टीसमोर रात्र काढून आलेल्या माणसासाठी. त्या गप्प राहण्यात माया होती. मग मंडळात मी ट्रे धरून गप्प राहिले, ती कोणाच्या झोपेसाठी?

कार्यक्रमाच्या दिवशी सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. आवाज चांगला म्हणून. पडद्यामागं कांचनला जवळ घेतलं आणि विचारलं, कुठलं वाचायचं. ती म्हणाली, दोन्ही येतात, पण समोर बाबा बसले आहेत, नाईट करून तसेच आले आहेत. मी म्हटलं, मग त्यांनाच विचारू. धोका त्यांच्या नोकरीला होता, माझ्या नाही. माझ्या शौर्यासाठी दुसऱ्याचा बाप वापरायचा नव्हता मला.

ते विंगेत आले. डोळे लाल. मी सगळं सांगितलं.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "वहिनीचे साहेब समोर बसले हाय. मी त्याइच्याच शॉपमध्ये, त्याइच्याच हाताखाली आहो. उद्या मले कुठंही टाकतीन."

मी म्हटलं, मग राहू द्या, तिला दुसरं वाचू दे. मनापासून म्हटलं. ते पोरीकडे वळले.

"तुनं लिवलं ते खरं हाय ना?"

तिनं मान हलवली.

"मंग वाच. अन् हळू नोको वाचू."

मी नाव पुकारलं. कांचननं सुरू केलं. बेलच्या तारेपर्यंत आली आणि वहिनी विंगेत. साडीचा पदर खोचलेला, बांगड्या वाजताहेत.

"माईक बंद करा."

"नाही करत."

"मी सांगतेय तुम्हाला."

"ऐकलं मी. नाही करत."

त्यांनी बटणाकडे हात नेला. मी बटणासमोर उभी राहिले. माझं वजन बरंच आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा अभिमान वाटला. बाहेर कांचनच्या वाचनात दोन कुकर गल्लीत भेटले. मागच्या रांगेत कुणी बाई फस्‌कन हसली, मग आणखी दोघी. पुढच्या रांगा दगड. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. कांचन शेवटच्या ओळीपर्यंत गेली, नमस्कार केला आणि उतरली.

पुढच्या रविवारी हॉलला कुलूप. रंगकाम आहे म्हणे. रंगाचा डबा कुठं दिसला नाही. कांचनच्या बाबांना प्लांटमधल्या दुसऱ्या शॉपमध्ये टाकलं, लांब, जास्त उष्णतेत. तरी ते कांचनला वर्गाला पाठवतात.

वहिनींचा फोन आला. कमिटीसमोर माफी मागा, वर्ग पुन्हा सुरू करू. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही एकदा मुलांमध्ये येऊन बसा. तुमची सकाळ लिहा. लॉनवाली लिहा, पण खरी लिहा." फोन बंद झाला.

आता वर्ग माझ्या गच्चीवर भरतो. मुलं निम्मीच येतात. बाकीच्यांच्या घरी वहिनींचे निरोप गेलेत, पाठवू नका म्हणून. मला भीती वाटत नाही असं नाही. शाळेतही तक्रार जाईल, कदाचित गेलीही असेल. जाऊ दे. मी माफी मागणार नाही. माझ्यासमोर कुठलंही मूल दुसऱ्याच्या घरचं पाठ करून आपलं म्हणून सांगणार नाही. आणि चहा ज्याला हवा, त्यानं उठून घ्यावा.