खोलीत उभी केलेली सायकल

आमचे हे देवी डॉक्टर होते. म्हणजे खरे डॉक्टर नव्हेत. गावोगाव फिरून लेकरांच्या दंडावर देवी टोचायचं सरकारी काम त्यांच्याकडं होतं. आमचं बिऱ्हाड बदनापूरला होतं आणि तिथून आसपासच्या खेड्यांना ते सायकलवर जात. लढाईचे दिवस होते. हिवाळा सरत आला असताना एका दौऱ्यावरून परतताना गाडीवाटेच्या चाकोरीत पुढचं चाक अडकलं आणि ते उजव्या पायावर पडले. गुडघ्याच्या जरा खाली हाड मोडलं. एका शेतकऱ्यानं त्यांना बैलगाडीत घालून घरी आणलं, सायकल गाडीच्या मागं बांधून. सायकलीला काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेल्वेनं जालन्याच्या दवाखान्यात नेलं. दीड महिना पाय प्लॅस्टरमध्ये होता. प्लॅस्टर काढलं तेव्हा पाय मुळ्यासारखा पांढरा आणि बारीक निघाला, आणि गुडघा वाकेना. डॉक्टरांनी दाबून पाहिलं. हे ओठ घट्ट मिटून बसले होते.

"हड्डी बराबर जुळली," डॉक्टर म्हणाले. "पण गुडघा आखडलाय. रोज वाकवला तर सुटेल, न्हाईतर असाच राहील. सायकल आहे ना तुमच्याकडं?"

"सायकलनंच तर हे झालं," हे म्हणाले.

"रस्त्यावर न्हाई, घरात. मागचं चाक जमिनीवरून उचलून ठेवा आणि जागच्या जागी पायडल मारा."

 परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात खोली मोजत होते. आमची एकच खोली, आठ हात रुंद आणि दहा हात लांब. एका कोपऱ्यात चूल, तिच्याशेजारी पाण्याची जागा, समोर ज्वारीची कोठी आणि कोठीवर ट्रंक. मधल्या जागेत जेवायचं आणि तिथंच अंथरूण घालायचं. सायकल आजवर बाहेर भिंतीला टेकून असायची.

कोठी चुलीच्या बाजूला सरकवली, ट्रंक उतरवून दाराआड उभी केली, तेव्हा भिंतीकडेला सायकलीपुरती जागा झाली. हँडल कोनाड्यात जात होतं, म्हणून कोनाड्यातले डबे खाली आले. मागचं चाक दारापासून हातभर. आत येणाऱ्याला अंग चोरून यावं लागणार होतं. आमच्याकडं येणारे तरी किती होते.

सायकलीला स्वतःचा स्टँड होता. त्यावर उभी केली आणि मी धरून ठेवली. हे सीटवर बसताच स्टँड वाकला आणि सायकल माझ्या अंगावर आली. यांनी डावा पाय टेकला म्हणून दोघंही वाचलो. मग मी वरच्या वाशाला दोरी बांधून कॅरिअर टांगून पाहिलं. चाक उचललं गेलं, पण सायकल पाळण्यासारखी झुलायला लागली. हे खाली उतरले आणि म्हणाले, "राहू दे. मी पायरीवर बसून वाकवत जाईन." दोन दिवस पायरीवर बसले. गुडघा होता तिथंच होता.

तिसऱ्या दिवशी मी सुताराला बोलावलं. बैलगाड्यांची चाकं करणारा म्हातारा सुतार होता, कमी बोलणारा. त्यानं सायकलीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकाचा आस बोटांनी चाचपला.

"गाडीला वंगण घालताना आसाखाली टेकू देतो की न्हाई आपण," तो म्हणाला. "तसंच हाय हे. फक्त दोन्ही बाजूंनी पाहिजे, आन् हालाय न्हाई पाहिजे."

चार दिवसांनी तो बाभळीची घोडी घेऊन आला. दोन बाजूंना दोन जाड पाय, वरती खाच, त्या खाचांत आसाची दोन्ही टोकं बसत. खाली आडव्या फळ्या, आणि त्या फळ्यांना भोकं पाडून त्यातून जमिनीत खुंट्या ठोकायच्या. पुढच्या चाकाखालीही एक लाकूड दिलं, सायकल समतल राहावी म्हणून. मातीच्या भुईत खुंट्या शिरताना मला घरमालकीण काकूंचा चेहरा दिसत होता. पण घोडी हलली नाही. सुतार स्वतः सीटवर बसला, इकडं तिकडं झुकला, उतरला.

"बसा साहेब," तो म्हणाला.

हे बसले. डावा पाय गेला, उजवा अर्ध्यावर अडला. गुडघा तितका वाकतच नव्हता. पायडल वरच्या बाजूला यायच्या आत थांबायचं. यांच्या कपाळावर घाम आला.

"सीट वर घ्या," सुतार म्हणाला. "उंचावर बसलं की कमी वाकावं लागतं. मंग हळूहळू खाली आणायची. जल्दी न्हाई."

सीट वर घेतली. तरीही आठ दिवस पुरता फेरा झाला नाही. पायडल पुढं नेऊन मागं आणायचं, पुढं नेऊन मागं. नवव्या की दहाव्या सकाळी मी भाकरी थापत होते तेव्हा चेन सलग फिरल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. हे चाकाकडं बघत पाय मारत होते. तव्यावरची भाकरी करपत होती.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, नुसतं मोकळं चाक फिरवून ताकद येणार नाही, चाकाला ओढ पाहिजे. यांनी त्यांचा खाकी पट्टा काढला. तो चाकावरून घालायचा, एक टोक घोडीला बांधायचं आणि दुसऱ्या टोकाला वजन टांगायचं. वजन म्हणून वरवंटा घेतला. लढाईमुळं टायर मिळत नव्हते, आहे तो झिजवून चालणार नव्हतं, म्हणून मागचा टायर काढून ठेवला आणि पट्टा उघड्या लोखंडी कड्यावर घातला. चाक जड फिरायला लागलं, पण किंचाळायलाही लागलं. पट्ट्याखाली गोणपाटाची पट्टी घातली तेव्हा आवाज जात्यासारखा झाला.

त्या आवाजानं काकू आल्या. वेळी-अवेळी काय दळते ही, म्हणून आल्या होत्या. दारात अंग चोरून उभ्या राहिल्या.

"कुठं जाऊन राह्यलेत हे?" त्यांनी मला विचारलं.

"कुठंच न्हाई, काकू," यांनीच उत्तर दिलं. "गुडघा वाकवून राह्यलो."

काकूंनी भुईतल्या खुंट्या पाहिल्या. "जाताना सारवून बुजवून द्यायचं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून मला चटणी वाटायला वरवंटा लागला की त्या स्वतःचा देत. आमचा सोडवायचा तर पट्टा सुटे आणि पुन्हा बेतानं घालावा लागे.

दर आठवड्याला आम्ही सीट बोटभर खाली घेत होतो. पायाला आकार आला. हे बाजारात काठीशिवाय जायला लागले, आणि ते गेले की मी दार लावून सायकलीवर बसायला लागले. आधी दोन दिवस नुसती बसले. मग पायडल मारलं. नऊवारी नेसल्यावर मधली दांडी आड येत नाही, हे तेव्हा कळलं. वरवंटा काढून ठेवायचे आणि चाक इतकं जोरात फिरवायचे की आऱ्या दिसेनाशा होत. एकदा हे लवकर परतले आणि त्यांनी दाराबाहेरून आवाज ऐकला. मी दार उघडलं तेव्हा ते म्हणाले, "सीट तुझ्यासाठी उंच पडते." बस, एवढंच.

मग डॉक्टरांनी पाय पाहून कामावर जायची मोकळीक दिली. रुखसत, म्हणजे रजा, तीही संपत आली होती. घरी येऊन हे म्हणाले, अजून आठ दिवस जाऊ देऊ. आठ दिवसांनी म्हणाले, टायर चढवायचाय. टायर चढवायला तासभरही लागत नाही. मग म्हणाले, वाटेवर चाकोऱ्या फार आहेत. आणि रोज सकाळी घोडीवर पहिल्यापेक्षा जास्त वेळ पाय मारत होते. तहसिलीचा चपराशी निरोप घेऊन आला. त्याला सांगितलं, पुढच्या आठवड्यात येतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाय बरा झाला होता, भीती गेली नव्हती. पण हे नवऱ्याला तोंडावर कसं सांगायचं. आणि सांगून उपयोग काय होता.

दोन दिवसांनी मी म्हणाले, "अहो, मला बाहेर शिकवा की."

"कुठं बाहेर?"

"स्टेशनच्या मागल्या माळावर. सकाळी कोणी नसतं."

 यांनी टायर चढवला.

माळावर मी सीटवर बसले, यांनी मागून कॅरिअर धरलं. मला वाटत होतं, इतके दिवस पाय मारलेत, आता जमेलच. यांनी हात सोडला आणि चार हातांवर मी आडवी झाले. पुन्हा बसले, पुन्हा पडले. घरातल्या घोडीवर मी पाय मारायला शिकले होते. तोल सुताराच्या खुंट्यांनी सांभाळला होता.

"चाकाकडं बघू नको," हे म्हणाले. "पुढं बघ."

"पुढंच बघून राह्यले."

"न्हाई बघत. उतर."

मी उतरले. मला दाखवायला म्हणून हे बसले आणि निघाले. सरळ पलीकडच्या लिंबाच्या झाडापर्यंत गेले, वळसा घेतला, परत आले. डाव्या पायावर उतरताना थोडे डगमगले. चेहरा उतरला होता की फुलला होता, मला सांगता येणार नाही. "असं," एवढंच म्हणाले आणि सायकल माझ्या हातात दिली.

त्या सोमवारी ते कामावर हजर झाले.

पुढं नातलगांत ही गोष्ट पसरली तेव्हा सगळे म्हणत, बाईनं मोठ्या युक्तीनं नवऱ्याची भीती घालवली. मी पुष्कळदा खोडून काढलं, कोणी ऐकलं नाही. युक्ती नव्हती. मला खरोखर सायकल शिकायची होती, आणि शिकवायला दुसरं कोण होतं. पंधरा दिवसांत मला तोल साधला. त्या लिंबापर्यंत जाऊन यायचे, कधी त्याच्याही पुढं. वर्षाच्या आत यांची बदली मंठ्याला झाली. तिथं घर भर बाजारात होतं, जवळ माळ नव्हता, आणि मला दिवस गेले होते. त्यानंतर मी सायकलीवर बसले नाही.

यांचा गुडघा शेवटपर्यंत पूर्ण वाकला नाही. पंगतीत मांडी घालता येत नसे, उजवा पाय लांब करूनच जेवायला बसत. नवखा माणूस त्या पायाकडं बघून नाक मुरडायचा. हे शांतपणे भाकरी कुस्करत राहायचे.