साडेचारशे कोटी आणि एक साकव

मंगळवारी सकाळी सातच्या आत घोलवडहून तीन फोन आले. चिकूचा भाव मी किलोमागे दोन रुपयांनी कमी छापला होता... एका बागायतदार काकांनी विचारलं, "अहो पत्रकार, चिकू कधी विकत घेतलाय का?"

त्याच्याच वर तलासरी तालुक्यातल्या गावकामांच्या निधीची बातमी होती. चारोटी नाक्यावर चहा पिता पिता मोबाइलवर टाइप केलेली. तिच्यात साडेचार कोटींचे मी साडेचारशे कोटी केले होते... आणि त्यावर एकही फोन नाही! चूक मलाही दिसली नव्हती. एका पुढाऱ्याने तर त्याच आकड्यासकट आभाराचा फलक लावला.

गुरुवारी डहाणूला माझ्या टेबलापुढे एक ताई येऊन बसल्या. तलासरीकडच्या डोंगरपाड्यावर अंगणवाडी चालवतात. हातात माझ्या बातमीचं कात्रण.

पाड्याच्या ओहोळावर साकव नाही, पायी ओलांडायचा छोटा पूल. गेल्या पावसाळ्यात अंगणवाडीला येणारी एक पोरगी वाहून जाता जाता वाचली. साकवाला दहा लाख लागतात, असं ताईंना सांगितलेलं. म्हणून कात्रण घेऊन त्या पंचायत समितीच्या ऑफिसात गेल्या, तर तिथले साहेब म्हणाले, "ताई, ते साडेचारशे कोटी वेगळ्या हेडखाली आहेत."

म्हणजे साहेबांनाही काही खटकलं नव्हतं.

"भाऊ, एवढ्यात आमच्यासारखे साकव किती होतील?"

मी मोबाइलवर भागाकार केला. साडेचार हजार.

ताई म्हणाल्या, "तालुक्यात एवढे ओहोळ तरी हायेत का?"

मी हादरलो... पाठशाळेत एक, दश, शत करत परार्धापर्यंत न अडखळता म्हटल्याबद्दल गुरुजींनी मला शाबासकी दिली होती. संख्या तोंडपाठ होत्या, डोळ्यांसमोर मात्र एकही नव्हती.

निधीचा मूळ कागद काढला, चूक कबूल केली. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"म्हणजे पंचेचाळीस साकव," ताई म्हणाल्या. "मग त्यातला एक आमचा का नाय, ते विचारते." कागदाची झेरॉक्स घेऊन त्या दुपारच्या एसटीने परत साहेबांकडे.

शुक्रवारी दुरुस्ती छापली. तिच्यावर एकच फोन आला, ताईंचा. साहेबांनी अर्ज घेतलाय, पोचही दिलीय... साकव अजून नाही.

ताई, इतकी वर्षं मी काय छापत होतो, ते तुम्ही विचारलंत तेव्हा मला कळलं.