चिखलातलं टिकतं

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे साहेब समुद्रतळाचा गाळ तपासायच्या नोकरीत आहेत. माणूस किळसवाण्या गोष्टी चवीने सांगणारा. पाण्याच्या टँकरची वाट बघत उभे असलो की सुरू: "असं बघा, मेलेला देवमासा तळाला गेला की आधी शार्क येतात, मग खेकडे, मग हाडात शिरणारे किडे." बादली खाली ठेवून ते बोटांनी किडे वळवळून दाखवायचे. मला शिसारी यायची.

वरच्या काकूंचा मुलगा जहाजावरून पडला, तो सापडलाच नाही. काकूंनी साहेबांनाच विचारलं, "त्याचं काय होत असेल हो?"

"तो पडला त्या समुद्रात खोल पाण्यात प्राणवायूच नाही, काकू. खाणारं कुणी फिरकत नाही. चिखलात सगळं फार काळ टिकतं."

झालं. भटजींनी दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायला सांगितलं, तर काकू म्हणाल्या, "तो आहे ना तिथे शाबूत? मग मी जाळू कुणाला?" वर्षभर त्या रोज त्याचं ताट वाढत राहिल्या.

एका रविवारी साहेब वर गेले आणि शार्कपासून किड्यांपर्यंत सगळं सांगून आले. काकूंचा हंबरडा आमच्या घरात ऐकू आला. त्याच आठवड्यात पुतळ्याला अग्नी दिला. काकू आता साहेबांचं तोंडही बघत नाहीत.

परवा टँकरपाशी मी चिडूनच विचारलं, "यातलं खरं काय होतं?"

बादली उचलत ते म्हणाले, "पहिलं सांगितलं ते. पोरगा तिथेच आहे."