आबांच्या दारातलं लाल-हिरवं तोरण

खरं तर यातलं काहीच मी बाहेर सांगायचं नाही. हिरामावशीनं आईच्या शिलाई मशीनवर हात ठेवायला लावून तसं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. पण मशीनखाली चिंध्या साठतात ना, तसे आमच्याकडे किस्से साठतात. चिंध्या निदान उशीत भरता येतात, किस्से कुठे भरायचे? म्हणून वहीत लिहितेय. वहीत लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, असं मी ठरवलंय.

दसरा झाला की टाकवे बुद्रुकला आमच्या ओसरीवर तिघी जमतात. माझी आई, शेजारची हिरामावशी आणि तळेगावहून लग्न होऊन इकडे आलेली नलूकाकू. जुन्या कपड्यांची तोरणं आणि आकाशकंदील शिवायचे आणि दिवाळीला भेट म्हणून द्यायचे. नियम दोनच. नवीन कापड आणायचं नाही, आणि कुठलं कापड कुणाचं होतं ते फोडायचं नाही.

चौथी मी. जुने कपडे उसवायचे, कापायचे आणि तयार वस्तू घरोघर पोचवायच्या, हे माझं काम. दारात गेले की मी एकच वाक्य बोलते, "आईनं दिलंय," आणि लगेच मागे फिरते. नलूकाकू सगळ्यांना सांगते, "आमची प्राजू बोलत नाही, नुसती उसवते!"

*

पहिल्या वर्षी नलूकाकूनं तिचा जांभळ्या फुलांचा जुना गाऊन दिला. आईनं त्याचं झालरीचं तोरण केलं आणि ते गेलं समोरच्या आजींकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूचे मिस्टर कंपनीच्या बससाठी निघाले आणि आजींच्या दारापाशी थबकले. तोरणाकडे बघतच राहिले. तिकडे बस हॉर्न देतेय, इकडे काका हलेनात!

"काय झालं हो?" आजींनी विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले, "तुमच्या दारात आलं की अगदी घरच्यासारखं वाटतं!"

काकांना अजून माहीत नाही. काकूनं नवीन गाऊन मात्र साधा, निळा घेतला.

*

हिरामावशीचा भाऊ भुशी धरणावर कणसं भाजून विकतो. पावसाळा संपला की तो आम्हाला पोतंभर मोडक्या छत्र्या आणून देतो. वाऱ्यानं उलटी झाली की लोक छत्री तिथेच टाकून जातात. छत्रीच्या कापडाचा कंदील फार सुंदर होतो, आतला दिवा लागला की रंग नुसता पेटतो.

मागच्या वर्षी काकूला आयडिया सुचली. "एवढ्या काड्या काढायच्या कशाला? फ्रेम आयती आहे की!" तिनं एका बटणाच्या छत्रीवरच कंदील शिवला, मिटवून कागदात गुंडाळला आणि माझ्या वर्गशिक्षिकांना द्यायला सांगितला.

मी तो स्टाफरूममध्ये नेला. मॅडमनी कागद सोडला, आणि बोट नेमकं बटणावर पडलं. फटाक्! कंदील उघडला आणि टेबलावरची लाडवांची ताटली थेट खिडकीपर्यंत गेली. सगळे शिक्षक उभे!

मॅडमनी खिडकीखालचे लाडू वेचले. मग म्हणाल्या, "सुरेख आहे गं. पण पाऊस संपला ना यंदाचा?"

त्या दिवशी मला "आईनं दिलंय" हेसुद्धा म्हणता आलं नाही. बरंच झालं.

*

आता आबांबद्दल सांगते. आबा म्हणजे हिरामावशीचे मालक. घोरावाडीच्या बाजूला एका रेल्वे फाटकावर ते जन्मभर गेटमन होते. बोलतात अगदी मोजकं, गाडी यायच्या आत बोलून होईल तेवढंच.

चार वर्षांपूर्वी त्यांनी अख्ख्या आळीसमोर तंबाखू सोडली. पुढे आईनं जुन्या शर्टांच्या खिशांचं तोरण करायचं ठरवलं, प्रत्येक खिशात लहान मुलांसाठी एकेक गोळी. मी आबांच्या शर्टाचा खिसा उसवला, तर आत आणखी एक चोरखिसा! त्यातून पितळी डबी पडली.

मावशी डबी घेऊन तडक घरी. "ही कुणाची?"

"शर्टाची," आबा म्हणाले.

"आन आतली तंबाखू?"

"डबीची."

*

यंदाचा किस्सा मात्र मला झोपू देत नव्हता.

मावशीनं आबांच्या पेटीतलं एक गाठोडं न उघडताच आणून माझ्यापुढे टाकलं. "जुनंपानं हाय, काप समदं!" आत लाल आणि हिरवं सुती कापड होतं, काय रंग होता! मी पटापट तोरणाची पानं कापली. कापड पातळ म्हणून आईनं दोन्ही रंग पाठीला पाठ लावून शिवले. तोरण एका बाजूनं पूर्ण लाल, उलटं केलं की पूर्ण हिरवं. दोन्ही टोकांना कड्या. इतकं देखणं तोरण आम्ही कधीच केलं नव्हतं.

शेवटी नलूकाकूनं गाठोडं झटकलं, तर दोन काठ्या पडल्या. "या कशाच्या?"

मावशीनं काठ्या उचलून पाहिल्या. "अगं बया! ह्यांच्या झेंड्या!"

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी आबांच्याच झेंड्या त्यांना आठवण म्हणून ठेवू दिल्या होत्या. दर दिवाळीला साफसफाईत आबा पेटी उघडतात, झेंड्या झटकतात, काठ्या काढून उन्हात घालतात आणि घडी करून परत ठेवतात. मला हे माहीत होतं. मी त्या दोरीवर वाळताना पाहिल्या होत्या. तरी कापताना ओळखल्या नाहीत.

मशीनवर हात ठेवायची शपथ त्या दिवशीची. काकू तळेगावला जाऊन लाल-हिरवं कापड घेऊन आली. पहिला नियम मोडला! कडेची शिवण मी हातानं घातली, आईनं काठ्या बसवून पाहिल्या, मावशीनं झेंड्या पेटीत ठेवल्या. तोरण तिनं स्वतःच्याच घरासाठी मागून घेतलं. "निदान घरात तरी ऱ्हाईल," म्हणाली.

साफसफाईच्या दिवशी आबांनी पेटी उघडली. झेंड्या काढल्या, झटकल्या, उन्हात घातल्या. घडी करून परत ठेवल्या. आम्ही चौघींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र आबांना खरं सांगायचं होतं, पण मी कधी कुणाला काही सांगितलंय?

*

दिवाळीच्या सकाळी तोरण घेऊन मीच गेले. "आईनं दिलंय." आबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मग स्टुलावर चढून लाल बाजू बाहेर ठेवून टांगलं आणि उंबऱ्यातच खुर्ची टाकून बसले.

एवढ्यात आमच्या घरून मावशी फराळाचं ताट घेऊन आली. मागून आई आणि काकू.

"सरका की वाईच," मावशी म्हणाली.

"लाल हाय."

"मग?"

"लालला थांबायचं. झेंड्या कुणी कापल्या ते कळल्याबगर फाटक उघडायचं न्हाई."

ताटातली चकली घसरली. कुणी उचलेना.

"मीच कापल्या," मावशी म्हणाली.

"नाही हो आबा, मी," आई म्हणाली.

"कात्री माझी होती, म्हणजे मीच," काकू म्हणाली.

आबांनी एकेकीकडे पाहिलं. "दोन झेंड्या, आन कापणाऱ्या तिघी?"

"आबा, मी!"

हे मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की समोरच्या आजी बाहेर आल्या. "अगं बाई, हिला आवाज आहे!"

आबा उठले. स्टुलावर चढून त्यांनी तोरण फिरवलं. हिरवं. "जाऊ द्या गाडी," म्हणाले, आणि मावशी आत गेली.

मग त्यांनी नव्या झेंड्या आणल्या. "ह्याबी तूच शिवल्या?"

"हो."

"टाका लांब पडलाय. वाऱ्यात न्हाई टिकायचा. उसव आन परत शिव."

*

आज मी त्या परत शिवून आणल्यात. आबांनी दारातच घेतल्या, चष्मा लावला, तोरण लाल केलं आणि म्हणाले, "तपासणी हाय. थांब." म्हणून मी त्यांच्या ओट्यावर बसून हे लिहितेय. दूधवाला केव्हाचा खोळंबलाय. मावशी पाण्याची कळशी घेऊन माझ्या शेजारी उभी आहे.

"प्राजे, बारीक टाका घातलास न्हवं? का कळशी खाली ठिवू?"

आतून काठीचा आवाज येतोय, झेंडी झटकल्यासारखा. आता आबा बाहेर आले. स्टुलावर चढले. तोरणाची एक कडी काढली. चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. मावशीनं कळशी कमरेवर सावरली, आणि मला वाटतं आता ते

"प्राजे! वही ठिव आन हितं ये. दुसरी कडी तू फिरव!"