दहा ते बारा

एमएस्सीनंतर संशोधन-शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करताना मी दीड महिना स्वतःवरच एक प्रयोग केला. दर दोन तासांनी एकाच काठिण्यपातळीची वीस गणिते सोडवायची. लागलेला वेळ आणि चुका वहीत नोंदवायच्या. निष्कर्ष स्वच्छ होता. सकाळी दहा ते बारा माझे डोके सर्वांत तल्लख चाले. दुपारी दोन ते चार मी साधी वजाबाकीही चुकत असे. सायंकाळी आलेख थोडा सावरे, पण सकाळची उंची पुन्हा गाठत नसे.

तो आलेख घेऊन मी बाबांकडे गेले, कारण एरवी दहा ते बारा मी सोवळ्यात असे. आमच्याकडे रोजचा नैवेद्य बाराच्या आत दाखवावा लागतो. आई शाळेत शिकवते, सातलाच निघते. म्हणून देवाचा स्वयंपाक माझ्याकडे; प्रयोगाच्या दीड महिन्यात तिला सुट्टी होती, तेवढ्यापुरता तो तिने केला. सोवळ्यात कागदाला हात लावायचा नाही. वरणाला उकळी येईपर्यंत चार पाने वाचावीत, तर तेवढीही सोय नाही.

बाबा निवृत्त अभियंता. त्यांनी आलेख बारकाईने पाहिला, अक्षांवरची एकके तपासली आणि म्हणाले, "उत्तम! हे आपल्या चिरंजीवांना दाखव. सकाळभर नया बाजारात भटकतो आणि दुपारी पुस्तक उघडतो, गाढव."

"आणि माझं काय, बाबा?"

"तुला काय, तू हुशार आहेस. तुझं दुपारीही होईल."

दुसऱ्या दिवसापासून धाकटा भाऊ दहाला खोलीचे दार लावून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करू लागला. मला सूचना मिळाली: भांडी वाजवू नकोस. मी दुपारी दोनला, गार पाण्याने तोंड धुऊन, उन्हाने तापलेल्या त्याच खोलीत बसत असे.

तो निवडला गेला. मी थोडक्या गुणांनी हुकले. अभिनंदनाला येणाऱ्यांना बाबा सांगत, "शास्त्रीय पद्धतीने अभ्यास केला त्याने." ती पद्धत कोणाची, हे कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही, आणि त्या गप्प बसण्याचा मला अजून संताप येतो.

यंदा पुन्हा अर्ज भरला, त्या रात्री जेवताना मी सांगून टाकले की सोमवारपासून नैवेद्य मी करणार नाही. बाबांचा हात ताटातच थांबला. "मग काय, देवाला उपाशी ठेवायचं?"

भाऊ हसला. "अगं ताई, दो घंटे का तो काम है. एवढं काय त्यात!"

कोणते दोन तास, हे आमच्या घरात त्याच्याइतके नीट कोणालाच ठाऊक नव्हते.